दोऱ्याच्या वेली

रविवार, १० जानेवारी १९९९. सकाळी सात वाजता उषा देगावकर मेकलगुट्ट्याच्या दक्षिण उतारावर पोचल्या, तेव्हा दोरा बांधलेली एकही उपळसरी जागेवर नव्हती. जिथे वेल होती तिथे खड्डा होता. खड्ड्यातली माती अजून ओलसर होती. बिनदोऱ्याच्या वेली, अगदी हातभर अंतरावरच्यासुद्धा, कुणी शिवलेल्या नव्हत्या.

मेकलगुट्टा म्हणजे शेळ्यांची टेकडी. हैदराबादच्या पश्चिमेला, जिथे शहर संपून नुसते खडक सुरू होत, तिथली ही एक टेकडी. आता शहर तिच्या पायथ्यापर्यंत आले होते. पूर्वेला काचेची एक इमारत उभी राहिली होती, तिच्यात संगणकाच्या कंपन्या होत्या. उत्तरेला ओढ्यापलीकडे खडी फोडायचे यंत्र बसले होते. टेकडीही एका कंपनीला दिली गेली होती. पायथ्याशी पत्र्याची खोली आणि एक वॉचमन होता. शेळ्या दिसत नव्हत्या.

उषाबाई साठीच्या घरात आलेल्या. त्यांचे पती अंबाजी देगावकर हैदराबादेत जामबागेत वैद्यकी करत. त्यांना जाऊन अडीच वर्षे झाली होती. दवाखान्याची खोली भाड्याने गेली होती, रुग्ण पांगले होते. एकच औषध उरले होते, उपळसरीच्या मुळीचे चूर्ण. रक्तासाठी, त्वचेसाठी ते देत. बाजारात ही मुळी पोत्याने मिळे, सरबतवाल्यांना आणि अलीकडे साबण-मलमवाल्यांना लागे म्हणून दलाल गावोगाव फिरून टेकड्याच्या टेकड्या उकरून नेत. देगावकरांनी बाजारची मुळी कधी घेतली नाही. दरवर्षी संक्रांतीच्या आधीच्या रविवारी नवराबायको मेकलगुट्ट्यावर येत आणि स्वतः मुळी काढत. वैद्य गेल्यावर उषाबाई एकट्या येऊ लागल्या.

काढण्याचा नेम ठरलेला होता. प्रत्येक वाफ्यात, म्हणजे खडकांच्या दोन रांगांमधल्या मातीच्या पट्ट्यात, जी वेल सगळ्यांत जोमदार आणि कधीच न खणलेली, तिला लाल दोरा बांधायचा. ती आईवेल. तिला हात लावायचा नाही. तिच्या शेंगा पिकून उलतात, आतले बी पांढऱ्या रेशमासारख्या केसांवर बसून वाऱ्याने पसरते, त्यातून पट्टा भरत राहतो. बाकीच्या वेलींच्या बगलेतली एखादी मुळी काढायची, सोटमूळ ठेवायचे. खड्डा बुजवायचा, वर दगड ठेवायचा. त्या वेलीला पुढची दोन वर्षे सोडायचे. आणि ज्या पट्ट्यात आईवेल नाही, त्यातून काही घ्यायचे नाही.

उषाबाईंनी पिशवी खाली ठेवली. एकेक खड्डा बुजवला आणि वर दगड ठेवला. खणणारा घाईत होता हे दिसत होते. पहारीचे घाव खडकांवर पांढरे उमटले होते. मातीत मुळांचे तुटलेले शेंडे राहिले होते. चंदन आणि जुना गूळ यांच्या मधला तो वास सगळ्या उतारावर होता. एरवी तो वास यायला मूळ नाकाशी धरावे लागे.

त्या खाली उतरल्या तेव्हा वॉचमन यादगिरी शेकोटीपाशी दात घासत होता.

"यादगिरी, वर कोण आलं होतं?"

यादगिरीने चूळ भरली. "कल शाम को आपका बेटा आया था ना अम्मा. पहार लेके. दो बोरे भर के ले गया, ऑटो में."

"बेटा?"

"चश्मेवाला. हर इतवार आपके साथ आता सो. मैं तो बेटा समझ के छोड़ दिया. नई छोड़ना था क्या?"

यादगिरीने काठीने रस्त्याकडच्या फळीकडे बोट केले. सोमवारपासून सुरुंग लावले जातील, कुणी टेकडीवर जाऊ नये, असे तीन भाषांत लिहिले होते. "वो बोर्ड पढ़ के पागल हो गया बेचारा. खोदा तब मैं नई था, चाय को गया था, आया तो बोरे ऑटो में चढ़ रे थे. नई तो बोलता था."

"काय बोलला असतास?"

"इधर का काम किधर है अम्मा? वो तो नाले के उधर का है. इधर का नक्शा अबी पास ईच नई हुआ. एक बरस जाता, दो बरस जाता, कौन बोल सकता."

बस यायला वेळ होता. उषाबाई फळीखाली थांबल्या.

*

तो चश्मेवाला म्हणजे मिलिंद घोडके. नांदेडकडचा, वय सत्तावीस. काचेच्या त्या इमारतीत कामाला होता. २००० साल उजाडले की जुने संगणक तारखा चुकवतील, म्हणून परदेशातले जुने प्रोग्रॅम दुरुस्त करून द्यायचे, हे त्याचे काम. शहरात हिमायतनगरला तीन तेलुगू मुलांबरोबर एका खोलीत राहत असे. दीड वर्षापूर्वी पासपोर्टच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला जामबागेत आला. झेरॉक्स आणि एसटीडीचे दुकान देगावकरांच्या जुन्या दवाखान्यातच होते. दुकानदार ख्वाजामियाँनी नवी पाटी लावली होती, पण जुनी मराठी पाटी उतरवली नव्हती. मिलिंदने ती वाचली आणि जिना चढून वर गेला.

"माझी आजी उपळसरी उकळून द्यायची," तो दारातूनच म्हणाला. "वासावरून ओळखलं."

उषाबाईंनी त्याला आत घेतले. आधी गाव विचारले, मग आडनाव विचारले, मग क्षणभर थांबून चहा विचारला. तो क्षण मिलिंदच्या लक्षात आला असणार. पण चहा त्यांच्या स्वतःच्याच कपांसारख्या कपात आला, हेही त्याच्या लक्षात आले असणार. पुढच्या रविवारी तो परत आला. त्यानंतर त्याने फारसे रविवार चुकवले नाहीत.

टेकडीवर जायचे ते काही मुळी काढण्यासाठी नव्हे. मुळी वर्षातून एकदाच. बाकीचे रविवार नुसते बघायला. दोरा सैल झाला का, किडीने पाला खाल्ला का, शेंग धरली का. मिलिंद खूप बोले. आठवडाभर मराठी बोलायला मिळत नाही, म्हणून साठवून आणतो, असे तो म्हणे.

"काकू, ही वेल आमच्या जुन्या कोबोल प्रोग्रॅमसारखी आहे. दिसायला काडी. पण उपटली की अख्खी बँक बसली."

"तुझी बँक बसू दे. पाय बघून टाक, खाली रोप आहे."

"रोप आहे हे कसं कळतं तुम्हाला? गवतच आहे सगळं."

"पानाच्या मधोमध पांढरी रेघ आली की उपळसरी. ती येईपर्यंत मलाही गवतच."

आदल्या वर्षी नव्या रस्त्यासाठी टेकडीचा खालचा भाग कापला गेला, तेव्हा दोघे रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होते. कापलेल्या मातीच्या भिंतीतून मुळे लोंबत होती. त्या दिवशी उषाबाई म्हणाल्या होत्या, "वरच्या दोऱ्याच्या वाचल्या की सगळं वाचलं." मिलिंदने ते वाक्य ऐकले होते.

*

दहा वाजता त्या जामबागेत पोचल्या. मिलिंद जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला होता, शेजारी ओली पोती. शर्ट मातीने भरलेला, हाताला रुमाल गुंडाळलेला.

ख्वाजामियाँ दुकानातून बाहेर आले. रमजान चालू होता, पण त्यांच्या हातात चहाचा पेला होता. "अम्माँ, अब आप ईच समझाओ. बच्चा आठ बजे से बैठा है, चाय नक्को, पानी नक्को. मेरा रोजा है तो क्या, इसका बी है क्या?"

मिलिंद उठून उभा राहिला. त्याचा चेहरा उजळलेला होता.

"काकू, सगळ्या आणल्या. एकही सोडली नाही. उद्या सुरुंग लागतायत तिथे. काल साडेतीनला बोर्ड बघितला. तुम्हाला फोन लावतोय, लावतोय, एंगेज! म्हटलं मेधाताईंशी बोलताय. पाचपर्यंत लावत होतो. इकडे यायचं तर दीड तास, परत जायचं तर अंधार. मग म्हटलं जाऊ दे, काकूंनी हेच सांगितलं असतं." त्याने पोत्याचे तोंड उघडले. "बघा, दोरे पण तसेच ठेवलेत. कुठली कुठल्या पट्ट्यातली ते कळावं म्हणून."

उषाबाई पोत्यावर वाकल्या. वेली कोमेजल्या होत्या. पाने गुंडाळत चालली होती. जोडीजोडीने लोंबणाऱ्या शेंगा अजून हिरव्या होत्या. सोटमुळे सगळी तुटलेली होती, कुठे वीतभरावर, कुठे त्याआधीच. खडकांच्या भेगेत शिरलेले मूळ पहारीने अखंड निघत नाही. वैद्यांच्यानेही ते निघाले नसते.

"मी तिकडूनच येतेय," त्या म्हणाल्या.

"मग बघितलंत ना बोर्ड?"

"बघितला."

"मग?"

"यादगिरी भेटला. सुरुंग ओढ्याच्या पलीकडे लागणार आहेत. आपल्या बाजूचं काम अजून मंजूर नाही."

मिलिंदने चष्मा काढला आणि मातीच्याच शर्टाला पुसला, त्यामुळे काचा आणखी मळल्या. ख्वाजामियाँना मराठी कळत होती. त्यांनी चहाचा पेला पायरीवर ठेवला आणि ते आत गेले.

"बोर्डावर तसं नव्हतं," मिलिंद म्हणाला.

"नव्हतं."

"तुम्ही तर म्हणाला होतात, दोऱ्याच्या वाचल्या की…"

"म्हणाले होते."

"काकू, तुम्ही फोनवर होतात का काल?"

जिन्यावरून वरच्या खोलीतला फोन दिसत नव्हता. शनिवारी सकाळी नागपूरहून मेधाचा, म्हणजे उषाबाईंच्या मुलीचा, फोन आला होता. आई, आता तिथे कोण आहे तुझं, किती दिवस एकटी राहणार, मार्चचं तिकीट काढते. एजंटला विचारून दुपारी परत फोन करते, असे म्हणून तिने ठेवला. बाराच्या सुमारास उषाबाईंनी रिसीव्हर उचलून बाजूला, पानाच्या डब्यावर ठेवला. रात्री झोपताना परत जागेवर ठेवला. मधल्या वेळात त्या कुणाशीही बोलल्या नव्हत्या.

"हो," त्या म्हणाल्या. "मेधा होती."

*

तो सगळा दिवस गच्चीवर गेला. ख्वाजामियाँनी झेरॉक्सच्या कागदांची रिकामी खोकी आणि कुठून तरी तुपाचे जुने डबे आणून दिले. मिलिंदने डब्यांना तळाशी खिळ्याने भोके पाडली. उषाबाईंनी तुटलेल्या मुळांची टोके विळीवर सरळ कापली, वेली अर्ध्यावर छाटल्या, शेंगा मात्र ठेवल्या. पिकण्याइतके दूध वेलीत उरले असेल तर त्या पिकतील. नसेल तर नाही.

"चुकलं ना माझं?" मिलिंदने दुपारी विचारले.

"मुळं उन्हात ठेवू नकोस. इकडे सावलीत घे."

"काकू, काहीतरी बोला ना. शिव्या द्या. आमच्या टीम लीडरसारख्या इंग्रजीत द्या, चालेल."

उषाबाईंनी त्याच्याकडे बघितले. "हाताला काय झालंय?"

"पहार निसटली."

"खाली हळद आहे, डब्यात. लाव जा."

संध्याकाळी तो गेला तेव्हा गच्चीवर कापलेल्या मुळांचा ढीग उरला होता. एका वर्षात त्यांनी कधी काढली नव्हती इतकी मुळी. वाळवून कुटली असती तर दोन-तीन वर्षांचे चूर्ण झाले असते. आणि ती जुनी, जाड, कधी न खणलेल्या वेलींची मुळी होती. अशी मुळी त्या घरात कधी आली नव्हती. उषाबाईंनी ती ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि मोरीत ठेवली.

*

संक्रांत झाल्यावर विठाबाई आल्या. त्या दरवर्षी येत. सिकंदराबादेत रेल्वेच्या चाळीत मुलाकडे राहत. नवरा रेल्वेत होता, तो गेला. पायाला जुना इसब. थंडीत चिघळे. वैद्यांचे चूर्ण महिनाभर दुधातून घेतले की निवळे, असे त्यांचे म्हणणे. दोन बस बदलून, हातात रिकामा डालड्याचा डबा घेऊन त्या जिना चढल्या आणि दारातच थांबल्या.

"अगं बाई, काय वास सुटलाय! औंदा जोरात दिसतंय काम."

"या, बसा. तिळगूळ घ्या आधी."

"घेती. अन माझा डबा भरा आधी. सून म्हणली, कशाला जाता, दुकानात बाटली मिळती, वर बाईचं चित्र असतंय. मी म्हणलं, चित्राला काय इसब झाला व्हता का?"

उषाबाई हसल्या. मग म्हणाल्या, "विठाबाई, औंदा चूर्ण नाही."

"म्हंजी?"

"मुळी काढली नाही."

विठाबाईंनी पदर सावरला आणि घरात नजर फिरवली. "घरभर वास येतोय अन नाही म्हणता? मी काय फुकट मागती का?"

"तसं नाही हो."

"मग कसं?" त्या उठल्या, वासाच्या मागाने मोरीपर्यंत गेल्या आणि त्यांनी गोणपाटाची घडी उलगडली. "ही काय मग? ही मुळी न्हाई तर काय गाजरं हायेत?"

उषाबाईंनी सांगितले. टेकडी, दोरा, मिलिंद, सुरुंग. विठाबाई ऐकत होत्या, पण हात मुळीवरच होता.

"बरं, पोरानं उकरली. पाप त्याचं. आता उकरलीच हाय न्हवं? वाया कशापायी घालता?"

"वाया नाही घालणार. मातीत लावणार आहे. तुकड्याला डोळा फुटला तर वेल होते."

"समद्यांना फुटतो?"

"नाही. थोड्यांना. कदाचित एकालाही नाही."

विठाबाई खाली बसल्या आणि त्यांनी लुगडे घोट्याच्या वर घेतले. पाय सुजला होता, कातडी तडकली होती, मधे ओल होती. दोघी त्या पायाकडे बघत राहिल्या.

"वैद्यबुवा असते तर दिली असती," विठाबाई म्हणाल्या.

"नसती दिली. आईवेलीची मुळी त्यांनी कुणालाच दिली नाही. मला कावीळ झाली होती तेव्हा…" उषाबाई थांबल्या. "ते जाऊ दे. पायाला करंजाचं तेल देते. कडुनिंबाचा पाला उकळून धुवा. डॉक्टरांना पण दाखवा, रेल्वेच्या दवाखान्यात. मी सांगते म्हणून."

"मातीत घालता, अन माणसाला न्हाई."

उषाबाईंनी तेल एका बाटलीत ओतले. विठाबाईंनी तेलाची बाटली घेतली. रिकामा डबा काखेत धरून त्या जिना उतरल्या, प्रत्येक पायरीवर आधी एक पाय, मग दुसरा. खाली ख्वाजामियाँनी त्यांना रिक्षा बघून दिली. त्यानंतर त्या जामबागेत आल्या नाहीत.

त्याच दुपारी उषाबाईंनी मुळीचे बोटाएवढे तुकडे केले आणि गच्चीवर, खोक्यांत, डब्यांत, कुंड्यांत, शेवटी स्वयंपाकघरातल्या जुन्या परातीत माती घालून लावले.

*

फेब्रुवारीअखेर डब्यातल्या बहुतेक वेली वाळल्या. त्यांच्यावरचे लाल दोरे तसेच राहिले. शेंगांतल्या बऱ्याचशा सुरकुतून गळल्या. काही उलल्या, पण आतले बी पोचट होते, चिमटीत धरले की चुरगळे. थोडे भरलेले वाटले, ते उषाबाईंनी कागदाच्या पुडीत ठेवले. मिलिंद पहिले दोन रविवार आला. मग शनिवारीही काम असते म्हणाला, मग रविवारीही. टेकडीवर दोघे गेलेच नाहीत. तिथे जाऊन काय बघायचे, हा प्रश्न होता. बिनदोऱ्याच्या वेली होत्या. पण त्या सगळ्या कधी ना कधी खणलेल्या, त्यांना शेंग कमी धरे. त्यांतल्या एखादीला दोरा बांधण्याजोगी व्हायला वर्षे जावी लागणार होती, तीही कुणी हात लावला नाही तर.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मिलिंद आला. नवा शर्ट, हातात मिठाईचा डबा.

"न्यू जर्सी," तो म्हणाला. "बुधवारी विमान. दोन वर्षांचं आहे."

"तारखा दुरुस्त करायला?"

"हो. डिसेंबरच्या आत. नाही तर जग बुडतंय म्हणे."

"मग दोन वर्षं कशाला?"

"बुडलं नाही तर पुढे बाकीचं काम असतंच." तो गच्चीवर गेला. डब्यांच्या रांगेपुढे उकिडवा बसला. उषाबाई चहा घेऊन वर गेल्या तेव्हा तो एका वाळक्या वेलीचा दोरा सोडू पाहत होता.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

"काकू, एक विचारू? त्या दिवशी फोन लागला असता, तर काय सांगितलं असतंत?"

"शेंगा पिकेपर्यंत थांब म्हटलं असतं."

"आणि सोमवारी सुरुंग आहे म्हणून सांगितलं असतं तर?"

"आधी यादगिरीला विचार म्हटलं असतं."

मिलिंदने मान हलवली. "एंगेजच होता हो. मी वीस वेळा तरी लावला असेल. मेधाताई एवढा वेळ काय बोलत होत्या?"

खाली रस्त्यावर फळांच्या गाड्या लागत होत्या. पेट्रोमॅक्स पेटवण्याचा फुसफुस आवाज येत होता. उषाबाईंनी त्याच्या हातात कप दिला.

"नागपूरला ये म्हणत होती," त्या म्हणाल्या. "चहा घे, निवेल."

तो निघताना वाकून पाया पडला. तिथला पत्ता आणि नंबर लिहून फोनजवळ ठेवला. पोचल्यावर त्याने एकदा फोन केला. तेव्हा उषाबाई भाजीला गेल्या होत्या, आणि वर वाजत राहिलेली घंटा खाली ख्वाजामियाँनी ऐकली. दुसऱ्यांदा त्याने ख्वाजामियाँच्या दुकानात केला. "बच्चा पूछ रा था, आई क्या? मैं बोला, कौन आई? तो बोला बेल, बेल!" ख्वाजामियाँ सांगत आले. "मैं क्या बोलूँ अम्माँ?"

"सांगा, अजून नाही."

रिसीव्हर आता कायम जागेवर असे. मेधाचा फोन शनिवारी येई.

*

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात परातीतल्या मातीतून काहीतरी वर आले. खोक्यांतूनही आले, पण खोक्यांतले गवत निघाले. परातीतले दोन कोंब राहिले. जुलैत त्यांतल्या एकाच्या पानांवर मधोमध पांढरी रेघ उमटली. दुसरा कोंब मेला.

मेधाने मार्चचे तिकीट रद्द करून ऑगस्टचे काढले होते. उषाबाईंनी तिला दिवाळीनंतर बघू म्हणून सांगितले. मेधा म्हणाली, "आई, तू आता औषध देत नाहीस, पेशंट येत नाहीत, तो मुलगाही गेला. तिथे तू करतेस काय?"

"एक वेल आहे," उषाबाई म्हणाल्या.

"नागपूरला कुंडीत लाव."

"कुंडीत ती नुसती जगते. तिला खडक लागतो."

पुढच्या रविवारी त्यांनी ते रोप मातीच्या गोळ्यासकट दुधाच्या रिकाम्या पिशवीत घातले आणि बसने मेकलगुट्ट्याला नेले. यादगिरी बदलून गेला होता. नवा वॉचमन लहान चणीचा, बिहारकडचा. त्याला अम्मा कोण हे ठाऊक नव्हते. काय आहे पिशवीत, म्हणून त्याने विचारले. रोप बघून तो हसला आणि त्याने सोडले. ओढ्यापलीकडची बाजू आता नव्हती. तिथे सपाट, पांढरट मैदान होते आणि मध्ये पाण्याचे डबके. दक्षिण उतार होता तसा होता. जानेवारीत त्यांनी ठेवलेले दगड जागेवर होते. त्यांतला वरच्या पट्ट्यातला एक दगड त्यांनी बाजूला केला आणि त्याच खड्ड्यात रोप लावले. पुडीतले बी आसपास टाकले. दोरा बांधला नाही. एकदा तरी स्वतःचे बी उधळल्याशिवाय दोरा बांधायचा नाही, हाही नेमच होता.

त्यानंतर त्या दर रविवारी जात राहिल्या. सप्टेंबरात वेलीने शेजारच्या खडकाचा आधार घेतला. टाकलेल्या बियांच्या जागी बारीक हिरवे काही उगवले होते. त्यावर अजून रेघ नव्हती. न्यू जर्सीहून एक पत्र आले, मराठीत. अक्षर मोठे, काही शब्द खोडलेले. आता मराठी लिहायची सवय गेली, असे त्यात होते, आणि शेवटी, बर्फ पडायच्या आत एकदा तरी तुम्हाला फोन लागला तर बरे होईल, असे. उषाबाईंनी उत्तर लिहायला घेतले. त्या शनिवारी दुपारी फोनवर मेधा नव्हती, हे वाक्य त्यांनी लिहिले. ते पत्र अजून टपालात पडलेले नाही.

१० ऑक्टोबरच्या रविवारी त्या टेकडीवर गेल्या तेव्हा उतारावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारलेल्या होत्या. एक रेष पायथ्यापासून वर येत होती आणि वेलीपासून हातभर अंतरावर थांबली होती. टोकाशी लोखंडी खुंटी ठोकलेली होती. रेष रस्त्याची, कुंपणाची की पाण्याच्या पाइपाची, हे वॉचमनला सांगता आले नाही. साइटच्या ऑफिसात रविवारी कुणी नव्हते. सोमवारी उषाबाई पुन्हा गेल्या. तिथल्या मुलाने नकाशा हैदराबादला नाही, बंगलोरला आहे, चौकशी करून कळवतो असे सांगून त्यांचा फोन नंबर घेतला.

अजून फोन आलेला नाही. रिसीव्हर जागेवर आहे.